ग्रामपंचायतीच्या उमेदवाराची ओळख: अर्जातून, दप्तरातून आणि समोरासमोर

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवाराची ओळख करून देण्याची गरजच काय, असा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. उमेदवार आपल्याच आळीतला असतो. त्याचे वडील कोण, जमीन किती, सोयरीक कुठली, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. परंतु हीच व्यक्ती पुढची पाच वर्षे गावाच्या पाण्याचा, दिवाबत्तीचा, गटारांचा आणि लाखो रुपयांच्या निधीचा कारभार पाहणार असते, आणि त्या कारभाराच्या दृष्टीने तिच्याबद्दल मतदाराला फारच थोडे ठाऊक असते. कर भरला आहे का, मासिक सभेला हजेरी किती होती, पंचायतीच्या कामांत ठेकेदारीचा संबंध आहे का, या प्रश्नांची उत्तरे सोयरिकीच्या माहितीत मिळत नाहीत. ती गावच्या दप्तरात आणि तहसील कार्यालयातील कागदांत असतात. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींपुरता विचार करून हे कागद कोणते, ते कसे वाचायचे आणि त्यांच्या आधारे सर्व उमेदवारांची ओळख गावासमोर कशी मांडायची, ते येथे सांगत आहे.

प्रथम वेळेचा हिशेब लक्षात घ्यावा, कारण तो फार तंग असतो. जानेवारी 2021 मध्ये राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींची सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी उमेदवारी अर्ज 23 ते 30 डिसेंबर 2020 या काळात घेण्यात आले, 31 डिसेंबरला छाननी झाली, 4 जानेवारीला माघारीची मुदत संपून चिन्हे वाटली गेली आणि 15 जानेवारीला मतदान झाले. म्हणजे रिंगणात नक्की कोण उरले हे कळल्यापासून मतदानापर्यंत दहा-अकरा दिवस मिळाले. या दिवसांत पॅनेलच्या बैठका, घरोघरच्या भेटी आणि रात्रीची जुळवाजुळव यांचीच धावपळ असते; शांतपणे माहिती जमवायला कोणाला सवड नसते. म्हणून ज्यांना हे काम करायचे आहे, त्यांनी दप्तराची तयारी निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सुरू केली पाहिजे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला उत्तर देण्यासाठी 30 दिवसांची मुदत असते. निवडणुकीची घोषणा झाल्यावर अर्ज केला, तर उत्तर बहुधा गुलाल उधळून झाल्यावरच हाती येते.

आपण कोणाला आणि किती मते देतो, हेही अनेकांच्या मनात स्पष्ट नसते. लोकसंख्येनुसार ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात आणि गाव प्रभागांत विभागलेले असते. एका प्रभागातून साधारणपणे दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात. सरपंच थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत 2017 मध्ये सुरू झाली, 2020 मध्ये ती रद्द करून सदस्यांमधून सरपंच निवडण्याची जुनी पद्धत आणली गेली आणि 2022 मध्ये पुन्हा थेट निवड लागू झाली. त्यामुळे तीन जागांच्या प्रभागातील मतदार सदस्यांसाठी तीन आणि सरपंचासाठी एक अशी चार मते देतो. 2021 च्या निवडणुकीत तर सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतच मतदानानंतर काढली गेली होती, म्हणजे गावाने सदस्य निवडले तेव्हा सरपंचपद कोणत्या प्रवर्गाकडे जाणार हेच माहीत नव्हते. थेट निवडीत ही अडचण राहत नाही. पण मतदाराची जबाबदारी मात्र वाढते.

ती का वाढते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. थेट निवडून आलेला सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे चित्र पुष्कळ गावांत दिसते. अशा सरपंचाला पहिली दोन वर्षे अविश्वास ठरावाने हटवता येत नाही. त्यानंतरही सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने ठराव झाला, तरी त्यावर ग्रामसभेचे शिक्कामोर्तब लागते. इकडे सदस्यांनी मासिक सभेत प्रत्येक विषय फेटाळायचा ठरवला, तर सरपंचाचे हात बांधले जातात. गावाचा कारभार मग वर्षानुवर्षे अडून राहतो, आणि त्याची झळ पाणी न मिळणाऱ्या वस्तीला बसते. म्हणूनच सरपंचपदाच्या उमेदवाराची ओळख करून घेताना, ‘सदस्य तुमच्या विरोधी पॅनेलचे आले, तर तुम्ही सभा कशी चालवाल?’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर देताना उमेदवाराचा स्वभाव जितका उघड होतो, तितका तो जाहीरनाम्यात कधीच होत नाही.

ग्रामपंचायतीची निवडणूक राजकीय पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मुक्त चिन्हांतून कपबशी, शिट्टी, छत्री असे काही वाट्याला येते आणि पॅनेलला ‘ग्रामविकास’, ‘परिवर्तन’ अशी कोठेही चालणारी नावे दिलेली असतात. निकालानंतर सगळेच पक्ष ‘सर्वाधिक ग्रामपंचायती आमच्या’ असे सांगतात, पण मतदान करताना मतदारासमोर पक्षाच्या धोरणाचा आधार नसतो. त्यामुळे सगळा भार व्यक्तीवरच येतो.

आता कागदांकडे वळू. उमेदवार होण्यासाठी वय किमान 21 वर्षे असावे लागते आणि गावच्या मतदार यादीत नाव असावे लागते. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने किमान सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. अपात्रतेची कारणे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये दिलेली आहेत, आणि प्रत्येक मतदाराने ते कलम एकदा तरी वाचावे असे मी आग्रहाने म्हणेन, कारण गावातील निम्मे निवडणूक वाद त्यातूनच उभे राहतात. पंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कराचे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत ते न भरणे, पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे, शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असणे, घरी शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला न देणे, आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त होणे, ही त्यांतील नेहमी चर्चेत येणारी कारणे होत. फौजदारी गुन्ह्यात सहा महिने किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाली असेल, तर सुटकेनंतर पाच वर्षे उमेदवारी करता येत नाही. राखीव जागेवरील उमेदवाराला जात प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते नसल्यास पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि ठरलेल्या मुदतीत ते सादर करण्याचे हमीपत्र द्यावे लागते. मुदत चुकली, तर निवडून आलेले पदही जाते.

छाननीत अर्ज मंजूर झाला म्हणजे उमेदवार सर्व बाबतींत निर्दोष ठरला, असा समज गावात असतो. तो बरोबर नाही. छाननी एका दिवसात उरकायची असते. त्या दिवशी तहसील कार्यालयात शेकडो अर्ज समोर असताना निवडणूक निर्णय अधिकारी कागद पूर्ण आहेत का आणि आक्षेपाला तेथेच दाखवता येण्याजोगा पुरावा आहे का, एवढेच पाहू शकतो. गोठा गायरानात किती फूट आला आहे, याची मोजणी त्या दिवशी होत नाही. असे वाद निवडणुकीनंतर कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, सदस्यत्व रद्द होते, मग पोटनिवडणूक लागते आणि मधल्या काळात त्या प्रभागातील ती जागा रिकामीच राहते.

या कलमांचा आधार घेताना न्यायबुद्धी मात्र सोडता कामा नये. अतिक्रमणाच्या कारणावरून कुटुंबातील व्यक्तीही अपात्र ठरू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला. मात्र 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचाला अतिक्रमणाच्याच आरोपावरून अपात्र ठरवले गेले असता, त्याच न्यायालयाने तिचे पद परत दिले. एक स्त्री सरपंच झाली हे गावातील काही लोकांना पचले नाही आणि अधिकाऱ्यांनी आरोपाची नीट शहानिशा न करता तिला दूर केले, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले. आरोप आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत किती अंतर असते, हे उमेदवाराची ओळख लिहिणाऱ्याने या प्रकरणावरून ध्यानात ठेवावे.

उमेदवारी अर्जासोबत घोषणापत्र जोडलेले असते. मतदाराला उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये मान्य केले आणि पुढे स्थानिक निवडणुकांतही अशी माहिती मागवली जाऊ लागली. घोषणापत्रात शिक्षण, स्वतःची व कुटुंबाची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्ज व शासकीय देणी आणि गुन्हेगारी प्रकरणे यांचे रकाने असतात. हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात ते पाहायला मागता येतात. वाचताना गुन्ह्यांच्या रकान्यावरच नजर खिळते, पण तेथे घाई करू नये. गुन्हा दाखल आहे, दोषारोप ठेवले आहेत आणि शिक्षा झाली आहे, या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. बांधाच्या भांडणातून दोन्ही बाजूंनी दाखल झालेले परस्परविरोधी गुन्हे खेड्यात नवे नाहीत, आणि दारूबंदीच्या आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हाही त्याच रकान्यात येतो. ओळखपत्रकात कलम, वर्ष आणि प्रकरणाची आजची अवस्था जशीच्या तशी लिहावी आणि त्यावर विशेषणे लावू नयेत. मालमत्तेपेक्षा देण्यांचा रकाना मला अधिक बोलका वाटतो, कारण सहकारी सोसायटी, पतसंस्था आणि महावितरण यांची थकबाकी माणसाच्या व्यवहाराबद्दल पुष्कळ काही सांगते. अर्थात दुष्काळात थकलेले पीककर्ज आणि ऐपत असून बुडवलेले कर्ज यांतला फरक गावालाच कळतो.

याहून अधिक माहिती ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. नमुना 9 म्हणजे कर मागणी नोंदवही. तिच्यातील एक ओळ पाहा. डावीकडे मिळकतदाराचे नाव, पुढे घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी असे रकाने, प्रत्येकात मागील बाकी, चालू मागणी आणि एकूण, आणि शेवटी वसुलीची पावती क्रमांकासह नोंद. निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात अनेक वर्षांची बाकी एकाच पावतीने भरलेली दिसली, तर उमेदवार कायद्याने पात्र ठरेलही. पण दरवर्षी मार्चमध्ये नियमाने कर भरणारा आणि अर्जासाठी दाखला हवा म्हणून एकरकमी भरणारा, हे दोघे वेगळे आहेत. गावाचा कर उद्या वसूल करण्याची जबाबदारी ज्याच्यावर येणार, त्याने स्वतः तो कसा भरला हे विचारणे पूर्णपणे रास्त आहे.

उमेदवार आधी सदस्य किंवा सरपंच राहिलेला असेल, तर मासिक सभेचे इतिवृत्त वाचावे, ज्याला सगळे ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात आणि सभेच्या सुरुवातीला उपस्थितांच्या सह्या असतात. पाच वर्षांची पाने चाळली की या सदस्याने किती सभांना सही केली, स्वतःच्या वस्तीच्या कोणत्या कामाचा ठराव मांडला, की पाच वर्षे नुसते अनुमोदनच दिले, हे समजते. प्रत्यक्ष झालेली देयके आणि गावाचा वार्षिक विकास आराखडा ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तेथे दाखवलेले काम गावात जागेवर आहे का, हे मोबाइल हातात घेऊन अर्ध्या दिवसात फिरून तपासता येते, आणि तरुण मंडळांनी हे काम अवश्य अंगावर घ्यावे.

आश्वासनांची पारख करायची, तर पंचायतीच्या हातात काय आहे ते माहीत असावे लागते. गावांतर्गत रस्ते, गटारे, दिवाबत्ती, नळपाणी, स्मशानभूमी, कचरा ही पंचायतीची कामे. तालुक्याकडे जाणारा रस्ता, शाळेतील शिक्षकांची नेमणूक किंवा बसची फेरी ही तिच्या अधिकारातील नव्हेत, त्यांसाठी ती फार तर ठराव करून पाठपुरावा करू शकते. पैशालाही बंधने असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा 80 टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना मिळाला, पण 2021-22 पासून त्यातील 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेली होती. असा बंधित निधी सभामंडपाला किंवा कमानीला वळवता येत नाही. म्हणून ‘काय करणार’ यापेक्षा ‘कोणत्या निधीतून करणार’ असे विचारावे. पाण्याबाबत तर प्रश्न आणखी नेमका करता येतो: पाणीपुरवठ्याच्या पंपाचे वीजबिल किती थकले आहे, पाणीपट्टीची वसुली त्यातील किती भाग भरून काढते आणि उरलेली रक्कम कोठून आणणार? ज्या उमेदवाराने याचा विचार केला आहे, तो आकडे घेऊन बोलतो, आणि ज्याने केला नाही, तो ‘चोवीस तास पाणी’ एवढेच म्हणतो.

स्त्री उमेदवारांची ओळख करून देताना विशेष काळजी हवी. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही फलकावर उमेदवाराच्या छायाचित्राशेजारी पतीचे, सासऱ्याचे किंवा दिराचे तेवढेच मोठे छायाचित्र लागते आणि सभेत बोलायलाही तेच उभे राहतात. कायद्याने सरपंचाच्या पतीला कोणताही अधिकार दिलेला नाही. आजकाल पंचायतीची देयके सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण कालपर्यंत ग्रामसेवक म्हणत होतो, या दोघांच्या डिजिटल सहीने होतात. ही सही पेन ड्राइव्हएवढ्या एका डोंगलमध्ये असते, आणि तो डोंगल संगणक चालकाच्या खणात किंवा पतीच्या खिशात पडून राहिला, तर सरपंचाच्या नावावर कोण खर्च करते आहे, हे तिलाही कळत नाही. ‘डोंगल कोणाकडे राहील आणि पासवर्ड कोणाला माहीत असेल?’ हा प्रश्न स्त्री-पुरुष सर्वच सरपंच उमेदवारांना विचारावा. परिचयात स्त्री उमेदवाराचे स्वतःचे शिक्षण, बचत गटातील, शाळा व्यवस्थापन समितीतील किंवा अंगणवाडीच्या कामातील अनुभव लिहावा, आणि प्रश्नांची उत्तरे तिच्याच तोंडून घ्यावीत. अनेक स्त्रिया चार-चौघांत पहिल्यांदाच बोलत असतात. त्यांना थोडा अधिक अवधी दिला, तर गावाचे काही बिघडत नाही.

बिनविरोध निवडणुकीचे आकर्षण मोठे आहे. गावात तंटा नको, खर्च नको, ही भावना प्रामाणिक असते. हिवरे बाजारसारख्या गावाने सुमारे तीन दशके सहमतीने कारभारी निवडले आणि त्या काळात गावाचा कायापालट केला. जानेवारी 2021 मध्ये तेथे मतदान झाले, तेव्हा गावकऱ्यांनी पोपटराव पवार यांच्याच पॅनेलला पुन्हा निवडले. पण सहमतीच्या नावाखाली पदांची बोली लावणे ही वेगळी आणि बेकायदेशीर गोष्ट आहे. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. अशा बोलीत देवळासाठी पैसे देणारा माणूस उदार असेल. पण त्या रकमेमुळे शेजारच्या मतदाराचा मताचा आणि उमेदवारीचा हक्क विकला जातो. माघारीच्या दिवशी अचानक सगळे अर्ज मागे घेतले गेले, तर ते का घेतले गेले हे गावाने उघडपणे विचारले पाहिजे.

आता प्रत्यक्ष ओळख. एकाच नमुन्याचे एकपानी परिचयपत्रक सर्व उमेदवारांसाठी करावे: नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, आधी भूषवलेली पदे, घोषणापत्रातील प्रमुख नोंदी, कर भरल्याची स्थिती, आणि तीन ठरावीक प्रश्नांची उमेदवाराच्या शब्दांतील उत्तरे. एकाला चार ओळी आणि दुसऱ्याला अर्धे पान असे होऊ देऊ नये. छापण्यापूर्वी मजकूर उमेदवाराला दाखवून त्याची सही घ्यावी, म्हणजे पुढे ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हा वाद राहत नाही. जातीचा, भावकीचा किंवा पोटजातीचा उल्लेख आरक्षणाच्या संदर्भापलीकडे मुळीच करू नये. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेले, पण गावच्या यादीत नाव असलेले मतदार मतदानाच्या आदल्या रात्री पॅनेलने पाठवलेल्या गाडीतून येतात. कोकणात तर हे सर्रास घडते. त्यांच्यापर्यंत हे पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर आधी पोहोचले, तर गाडीत बसवणाऱ्याखेरीज दुसऱ्या उमेदवाराचीही माहिती त्यांना मिळते.

त्यानंतर परिचय सभा. आचारसंहिता लागू असल्याने तिची रीतसर परवानगी काढावी, ती देवळात किंवा मशिदीत न घेता शाळेच्या पटांगणावर अथवा चावडीपुढे घ्यावी, आणि सूत्रसंचालन कोणत्याही पॅनेलशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे, शक्यतो निवृत्त मुख्याध्यापकांसारख्या सर्वांना मान्य माणसाकडे द्यावे. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, वेळ सारखा द्यावा आणि प्रश्न लेखी घ्यावेत, म्हणजे दलित वस्तीतील किंवा पारधी पालावरील माणसालाही कोणाच्या नजरेला नजर न देता विचारता येते. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जपण्यासारखा आहे, कारण ज्याचे शेत उमेदवाराच्या विहिरीवर भिजते, तो उघडपणे प्रश्न विचारणार नाही. एखादा उमेदवार आला नाही, तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून त्याच्याबद्दल बोलू नये. त्याचे परिचयपत्रक वाचून दाखवावे आणि पुढे जावे.

गोव्यात हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीने करावी लागते. तेथील 191 ग्रामपंचायतींत मतदार आपल्या प्रभागातून एकच पंच निवडतो आणि निवडून आलेले पंच आपल्यातून सरपंच ठरवतात. पक्षचिन्ह तेथेही नसते. त्यामुळे तेथे प्रत्येक पंच उमेदवाराला, निवडून आल्यास सरपंचपदासाठी तो कोणाला आणि कशासाठी पाठिंबा देईल, हे मतदानापूर्वीच विचारून ठेवणे उपयोगाचे ठरते.

निकाल लागल्यावरही दोन मुदती लक्षात ठेवाव्यात. निवडणुकीच्या वैधतेला आव्हान द्यायचे असेल, तर कलम 15 खाली निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. दुसरी मुदत खर्चाची आहे: जिंकलेल्या आणि हरलेल्या प्रत्येक उमेदवाराने 30 दिवसांत आपला निवडणूक खर्च सादर करायचा असतो, आणि तो न देणाऱ्याला आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. हे हिशेबही तहसील कार्यालयात पाहायला मागता येतात, आणि गावात दिसलेल्या जेवणावळी, फलक व गाड्या त्यांत आल्या आहेत का, हे ज्यांनी परिचयपत्रके तयार केली त्यांनीच सर्वांत आधी जाऊन पाहावे.